वादी कोण?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या सांगत आला आहे. स्पेनमध्ये याच अनुभवाने शापाचे रूप घेतले. तेथील जिप्सी जमातीच्या नावावर मोडणारा तो शाप असा : ‘तुझ्यामागे खटले लागोत, आणि ते तू जिंकोस.’ शापातील खरा डंख दुसऱ्या अर्ध्या भागात आहे. खटला हरणारा निदान एका दिवशी मोकळा होतो. जिंकणारा मात्र अपिलात सापडतो, अपिलातून दुसऱ्या अपिलात जातो, आणि अखेरचा निकाल हाती येतो तेव्हा ज्यासाठी तो भांडला ती वस्तू त्याची राहिलेली नसते.

स्पॅनिश कायद्याच्या परिभाषेत अशा वादाला ‘लितिहिओ’ म्हणतात. शब्द मूळचा लॅटिन. ‘लिस’ म्हणजे वाद आणि ‘आगेरे’ म्हणजे चालविणे. वाद चालविणे, हा त्याचा सरळ अर्थ. मराठीत ‘वाद’ हा शब्द बोलण्यातून आला आहे; तो संवादाचा सोयरा आहे. वादात दोन बाजू असतात, दोघांनी बोलायचे असते आणि तिसऱ्याने ऐकून निवाडा करायचा असतो. हे चित्र कागदावर फार समतोल दिसते. परंतु वाद चालविण्याची पाळी कोणावर येते, पुरावा कोणी आणायचा असतो आणि निकाल लागेपर्यंत वस्तू कोणाच्या ताब्यात राहते, हे तीन प्रश्न विचारले की त्या समतोलातील तागडी कोठे कलते ते दिसू लागते. छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेला, जालना रस्त्यावरील शेंद्रा परिसरात हे तीन प्रश्न विचारून पाहण्यासारखे आहेत.

जमीन आधी, वाद नंतर

मांगीरबाबाच्या यात्रेमुळे शेंद्रा हे नाव मराठवाडाभर पूर्वीपासून ठाऊक आहे. गेल्या अडीच-तीन दशकांत ते दुसऱ्या कारणाने देशाच्या नकाशावर आले. येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पंचतारांकित वसाहत उभी राहिली. २००१ मध्ये येथे मोटारींचा परदेशी कारखाना सुरू झाला. पुढे दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यासाठी शेंद्रा आणि बिडकीन येथे मिळून सुमारे दहा हजार एकर जमिनीची नवी औद्योगिक नगरी आखण्यात आली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये तिच्या मुख्य इमारतीचे उद्‌घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. बाजरी, कापूस आणि तुरीच्या कोरडवाहू शिवारातून आता रुंद रस्ते गेले आहेत. समाजवादी चळवळ कारखान्यांच्या विरुद्ध कधीच नव्हती. मराठवाड्याला उद्योग हवेत, पाणी हवे, रेल्वे हवी, या मागण्यांसाठी याच चळवळीच्या कार्यकर्त्यांनी मोर्चे काढले आहेत. प्रश्न कारखाना हवा की नको, हा नाही. कारखान्याखाली गेलेल्या जमिनीचा मालक वादी कसा बनतो, हा आहे.

ही जमीन ज्या कायद्याने घेतली जाते तो १९६१ चा महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम होय. गावात कायद्याचे नाव कोणी घेत नाही. ‘बत्तीस-दोनची नोटीस आली’ एवढेच म्हणतात. कलम ३२ च्या पोटकलम २ खाली मालकाला नोटीस मिळते, तो हरकत घेतो, सुनावणी होते. त्यानंतर पोटकलम १ ची अधिसूचना राजपत्रात निघते आणि ती प्रसिद्ध होताच जमीन शासनाकडे निहित होते. मोबदल्याचा प्रश्न त्यापुढचा. म्हणजे प्रथम मालकी जाते, मग किंमत ठरते, आणि किंमत पटली नाही तर तेथून वाद सुरू होतो. ज्याची जमीन गेली तोच अर्जदार होतो. ज्याने घेतली तो सामनेवाला म्हणून शांतपणे उत्तर दाखल करतो. बाजारात कोणी वस्तू उचलून नेली आणि वर म्हणाला, ‘भाव पटत नसेल तर दावा लाव,’ तर त्याला जग काय म्हणेल हे सांगण्याची गरज नाही. राजपत्रात छापले की तोच व्यवहार ‘सार्वजनिक प्रयोजन’ ठरतो.

शेंद्रा-बिडकीन पट्ट्यासाठी एकरी २३ लाख रुपये हा दर ठरला. आकडा ऐकताना भला मोठा वाटतो. एका एकरात सुमारे ४,०४७ चौरस मीटर असतात. त्याने भागले तर चौरस मीटरला ५६८ रुपये येतात. शेतकऱ्याकडून जमीन एकराने घेतली जाते आणि उद्योजकाला ती चौरस मीटरने दिली जाते. मध्ये रस्ते, जलवाहिन्या, वीज आणि मोकळ्या जागा यांचा खर्च येतो, हे खरे. तो हिशोब जनतेसमोर मांडला जावा. परंतु मोजमाप बदलताच भावही बदलतो आणि त्या बदललेल्या भावात मूळ मालकाला वाटा नसतो, हेही तितकेच खरे. दर करारनाम्याने मान्य केला की वाढीव मोबदल्याचा दरवाजा सहसा बंद होतो. मान्य केला नाही तर धनादेश लांबतो. घरात लग्न, आजारपण किंवा सावकाराचे देणे असलेल्या माणसाने यांपैकी काय निवडावे अशी अपेक्षा आहे?

वाद चालविण्याची किंमत

भूसंपादनाच्या कायद्यात न्यायालयाचा मार्ग ठेवला आहे, आणि अनेक ठिकाणी न्यायालयांनी शेतकऱ्यांस वाढीव मोबदला दिलाही आहे. हे नाकारणे अप्रामाणिक होईल. मराठवाड्याला हा मार्ग जवळ यावा म्हणून वकिलांनी व नागरिकांनी दीर्घ आंदोलन केले आणि ऑगस्ट १९८१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ औरंगाबादेत बसू लागले. शेंद्र्याच्या शेतकऱ्याला उच्च न्यायालयासाठी मुंबईची गाडी धरावी लागत नाही, ही त्या आंदोलनाची कमाई आहे. कोल्हापूरकरांना अशा बैठकीसाठी ऑगस्ट २०२५ पर्यंत थांबावे लागले. पण न्यायालय जवळ आले म्हणून न्याय लवकर आला असे झाले नाही. अंतर कमी झाले, तारखा कमी झाल्या नाहीत.

या वाटेवरील खाचखळगे बारीक आहेत, आणि त्यांची जाण नसलेला माणूस पहिल्याच पावलाला पडतो. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात कलम १८ खाली अर्ज करण्याची मुदत, निवाड्याच्या वेळी हजर असणाऱ्यास सहा आठवड्यांची होती. रक्कम स्वीकारताना ‘हरकत कायम ठेवून’ अशी नोंद केली नाही, तर अर्जाचा हक्कच जात असे. २०१३ चा नवा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्यानेही ही अट पुढे चालू ठेवली. तीन शब्द लिहिले न लिहिले यावर पिढीची कमाई अवलंबून राहते. ते तीन शब्द लिहा असे सांगणारे, धनादेश वाटणाऱ्या टेबलाच्या अलीकडे कोणी उभे नसते.

पुढे पुराव्याचा प्रश्न येतो. जमिनीचा भाव सिद्ध करायचा तर परिसरातील खरेदीखते दाखवावी लागतात. मुद्रांक शुल्क वाचविण्यासाठी खरेदीखतात रक्कम कमी लिहिण्याची रीत खेड्यापाड्यांत जुनी आहे. ती चूकच होती, पण त्या चुकीची शिक्षा ज्याने कधी जमीन विकलीच नाही त्यालाही भोगावी लागते. विहिरीची नोंद सातबाऱ्यावर नाही, फळझाडे पीकपाहणीत लावलेली नाहीत, संयुक्त मोजणीच्या दिवशी घरचा माणूस मजुरीला बाहेरगावी गेलेला होता. यांतील प्रत्येक उणीव अर्जदाराच्या अंगावर येते. मोजणी करणारे शासनाचे, नोंदी ठेवणारे शासनाचे, निवाडा देणारा अधिकारी शासनाचा; आणि नोंद चुकली हे सिद्ध करण्याचा भार मात्र शेतकऱ्यावर.

इतके करून जिल्हा न्यायालयाने रक्कम वाढविलीच, तर संपादन करणारी संस्था वरच्या न्यायालयात जाते. स्थगितीसाठी काही रक्कम जमा होते, तिचा काही भाग हमी देऊन काढता येतो, उरलेला अडकतो. १८९४ च्या कायद्यानुसार वाढीव रकमेवर पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढे १५ टक्के व्याज चढे. हे व्याज कोणा अधिकाऱ्याच्या खिशातून जात नाही, सार्वजनिक तिजोरीतून जाते. आधी कमी मोबदला द्यायचा, मग वर्षानुवर्षे अपिले चालवायची आणि शेवटी व्याजासह मोठी रक्कम भरायची, हा कारभार काटकसरीचा म्हणता येणार नाही. तो चालतो याचे कारण एकच : दर शंभरांतील किती जण शेवटपर्यंत टिकतील याचा अंदाज घेणाऱ्यास असतो. केंद्र सरकारने २०१० मध्ये मांडलेल्या राष्ट्रीय वाद धोरणात शासनाने जबाबदार पक्षकार व्हावे असे म्हटले होते. जबाबदारीची अशी आठवण स्वतःस करून द्यावी लागते, यातच सारे आले. आणि तरीही कचेरीच्या भाषेत कज्जेदलाल कोण? तर शेतकरी.

बेजबाबदारपणा किती थरास जातो याचे उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२० च्या एका निकालात आहे. हिमाचल प्रदेशात १९६७-६८ मध्ये एका निरक्षर स्त्रीची जमीन कोणतीही प्रक्रिया न करता रस्त्यासाठी घेण्यात आली. अर्धे शतक उलटल्यावर, वयाच्या ऐंशीच्या घरात, तिला मोबदल्याचा आदेश मिळाला. तोपर्यंत राज्य शासन न्यायालयात काय म्हणत होते? इतकी वर्षे ताबा आपला असल्याने जमीन आपलीच झाली! न्यायालयाने हा बचाव फेटाळला. पण असा बचाव घेण्यास कल्याणकारी म्हणविणारे राज्य धजले, ही गोष्ट फेटाळता येत नाही.

येथे समाजवाद्यांनी स्वतःकडेही पाहिले पाहिजे. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून काढला गेला, तेव्हा समाजवाद्यांनी तिचे स्वागत केले. जमीनदार आणि संस्थानिक त्या हक्काची ढाल करून प्रत्येक जमीनसुधारणा न्यायालयात अडवीत होते; ती ढाल काढणे योग्यच होते. पण जमीनदाराच्या हातातून काढलेली ढाल पाच एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातातूनही गेली, आणि त्याच्यासाठी दुसरी घडविण्याचे काम अपुरे राहिले. जमीन कसणाऱ्याकडे जावी म्हणून राज्याला जी ताकद दिली, तीच ताकद जमीन कसणाऱ्याकडून घेण्यासाठी वापरली जाईल, याचा पुरेसा विचार झाला नाही.

एकट्याचा वाद आणि सर्वांचा वाद

कायद्याने मात्र एकदा प्रामाणिक कबुली दिली आहे. सप्टेंबर १९८४ मध्ये जुन्या भूसंपादन कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम २८-अ घालण्यात आले. एकाच अधिसूचनेखालील एका शेतकऱ्यास न्यायालयाने वाढीव मोबदला दिला, तर न्यायालयात न गेलेल्या शेजाऱ्यासही तीन महिन्यांत अर्ज करून त्याच दराने मोबदला मागता येईल, असे ते कलम सांगते. गरीब आणि अशिक्षित माणसे न्यायालयापर्यंत पोचतच नाहीत, हे सत्य त्यात गृहीत धरले आहे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ उदारपणे लावला. २०१३ च्या कायद्यातही कलम ७३ च्या रूपाने हे तत्त्व टिकले. एकाचा विजय हा शेजाऱ्याचाही विजय, हे समाजवादी तत्त्व भारतीय कायद्याच्या पुस्तकात अशा रीतीने छापलेले आहे.

परंतु हे कलम सर्वसाधारण भूसंपादन कायद्याचे. औद्योगिक विकास अधिनियम हा वेगळा कायदा आहे आणि त्याच्या वाटाही वेगळ्या. जमीन कोणत्या कायद्याखाली गेली त्यावर कोणता दरवाजा उघडा आणि कोणता बंद हे ठरते. शेताच्या बांधाला ही भेदरेषा दिसत नाही. औद्योगिक महामंडळासाठी गेलेल्या प्रत्येक जमिनीला हे तत्त्व निर्विवादपणे लागू झाले पाहिजे, ही मागणी संघटितपणे पुढे यावयास हवी. त्याऐवजी चाल उलट दिशेने आहे. जमीनधारकांची संमती आणि सामाजिक परिणामांचे मूल्यमापन या २०१३ च्या कायद्याने घातलेल्या अटींतून औद्योगिक विकास अधिनियमाखालील संपादनाला महाराष्ट्राने २०१८ च्या दुरुस्तीने बाजूस ठेवले.

दुसरी एक गोष्ट कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतली पाहिजे. लोकअदालतीत तडजोड केली की प्रकरण झटपट मिटते, म्हणून थकलेला शेतकरी तिकडे वळतो. त्याला दोष देता येणार नाही. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोएडाच्या प्रकरणात स्पष्ट केले की, लोकअदालतीतील तडजोडीच्या आधारे इतरांना कलम २८-अ खाली वाढीव मोबदला मागता येणार नाही. म्हणजे न्यायालयातील निकाल सर्वांना उपयोगी पडतो, तडजोड एकट्यापुरतीच राहते. गावातील दहा जाणत्यांशी स्वतंत्रपणे तडजोड करून टाकली, तर मागे राहिलेल्या नव्वदांना आधार उरत नाही. फोडा आणि मिटवा, या नीतीला याहून सोयीचे काय असणार?

फूट घरापर्यंतही पोचते. मोबदला जाहीर झाला की वारसनोंदी निघतात. बापाच्या नावावरील जमिनीत बहिणींची नावे लागलेली नसतात; हक्कसोडीचे कागद रातोरात तयार होतात; भाऊ भावाविरुद्ध हिस्स्याचा दावा लावतो आणि रक्कम न्यायालयात जमा होऊन पडते. बहिणीचा हक्क हा वादाचा मुद्दाच नसावा. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हक्क दिला आहे. पण जो कार्यकर्ता शासनाकडे न्याय मागताना पुढे असतो, तोच बहिणीच्या सहीसाठी साडीचोळी घेऊन जातो, असे दृश्य खेड्यांत अपरिचित नाही.

आणि ज्यांना वादीदेखील होता येत नाही त्यांचे काय? बटाईने शेत करणारा, सालगडी, खुरपणीला जाणारी मजूर बाई, गायरानावर वहिती करणारे दलित कुटुंब. सातबाऱ्यावर यांचे नाव नाही. म्हणून नोटीस नाही, हरकत नाही, मोबदला नाही, दावाही नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला तो याच माणसांसाठी. महाराष्ट्राने १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरविले. तरी अनेक कुटुंबांची नोंद आजही कागदावर चढलेली नाही. २०१३ च्या कायद्याने, संपादनापूर्वी तीन वर्षे त्या जमिनीवर उपजीविका असलेल्या शेतमजुरालाही ‘बाधित कुटुंब’ म्हटले. तो शब्द कायद्यात आला, गावच्या यादीत अजून यावयाचा आहे. खटला हरणे वाईट. पण ज्याच्या नुकसानीला खटला म्हणूनही कोणी ओळखत नाही त्याची स्थिती त्याहून वाईट आहे.

पुरावा कोणी द्यावा?

ज्या स्पॅनिश भाषेत तो शाप जन्मला, त्याच भाषेच्या मुलखात या प्रश्नाला दोन उत्तरे दिली गेली. स्पॅनिश राजवटीने मेक्सिकोत १५९२ मध्ये मूळ रहिवाशांसाठी वेगळे न्यायालय स्थापन केले. दर करदात्या रहिवासी कुटुंबाकडून वर्षाला अर्धा रेआल घेऊन त्या निधीतून वकील व कारकून नेमले गेले आणि गरिबांचे वाद विनाशुल्क चालविले गेले. गावे हिरिरीने न्यायालयात गेली, काही जमिनी वाचल्याही. खर्च सर्वांनी उचलायचा ही कल्पना चांगली होती. परंतु न्यायालय जेत्याचे, कायदा जेत्याचा आणि सिद्ध करण्याचा भार जिंकल्या गेलेल्यांवर. त्यामुळे जमिनीचा ओघ बड्या जमीनदारांकडेच राहिला.

तीन शतकांनंतर, सप्टेंबर १९०९ मध्ये, मोरेलोस प्रांतातील आनेनेक्विल्को या गावाने एमिलिआनो सापाता या तरुणाला गावपंचायतीचा प्रमुख निवडले. वृद्धांनी त्याच्या हाती गावच्या जमिनीचे जुने कागद सोपविले. पिढ्यान्‌पिढ्या त्या कागदांवर गाव भांडत आले होते आणि शेजारच्या जमीनदाराची कुंपणे पुढे सरकत आली होती. नोव्हेंबर १९११ मध्ये सापाताने ‘आयालाची योजना’ जाहीर केली. तिच्या सहाव्या कलमात क्रांतिकारक असे काही असेल तर ते एवढेच : ज्या गावांकडे मालकीचे कागद आहेत त्यांनी जमिनीचा ताबा तत्काळ घ्यावा, आणि ज्या जमीनदारांना आपला हक्क आहे असे वाटत असेल त्यांनी तो विशेष न्यायाधिकरणापुढे सिद्ध करावा. न्यायालय नाकारलेले नाही, वादही नाकारलेला नाही. फक्त वादी बदलला आहे. ताबा कष्टकऱ्याकडे आणि पुराव्याचा भार बळकावणाऱ्याकडे. न्यायालयाच्या पायरीवर कोणी उभे राहावे, हा प्रश्न त्या कलमाने उलटा फिरविला.

हे मेक्सिकोचे झाले म्हणून सोडून देता येणार नाही. महाराष्ट्रात याच्याइतकेच बोलके उदाहरण महाडचे आहे. मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अस्पृश्यांसह चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सनातन्यांनी दिवाणी दावा लावला. वादी सनातनी होते, प्रतिवादी बाबासाहेब. तळे अस्पृश्यांस बंद असण्याची रूढी अनादि काळापासून आहे, हे सिद्ध करणे वादींच्या अंगावर आले आणि ते त्यांना जमले नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांचा हक्क कायम झाला. दहा वर्षे लागली; पण त्या दहा वर्षांत महाड हे एका माणसाचे प्रकरण कधीच नव्हते. आधी समुदायाने पाऊल टाकले, मग न्यायालयाला त्यावर निर्णय द्यावा लागला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे वचन मानले असते तर ते तळे कोणाचे राहिले असते?

आणि उरणचे स्मरण तर प्रत्येक कार्यकर्त्याला असेल. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली नव्या मुंबईच्या भूमिपुत्रांनी आंदोलन केले, गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व त्या रक्तातून आले. घेतलेल्या जमिनीच्या विकासात मूळ मालकाचा वाटा असतो, ही गोष्ट कोणत्याही एकट्या अर्जदाराच्या दाव्यातून निघाली नसती. कारण दाव्यात फक्त किंमत मागता येते, वाटा मागता येत नाही. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात भूसंपादन कायद्यात ती २८-अ कलमाची दुरुस्ती झाली. रस्त्यावरील लढा आणि कायद्याचे कलम यांचे एकमेकांशी वैर नाही.

शाखेचे काम

येथून शेंद्र्याकडे, आणि ज्या ज्या गावात उद्या ‘बत्तीस-दोन’ची नोटीस येणार आहे त्या सर्व गावांकडे वळले पाहिजे. पक्षाच्या शाखांनी मोबदल्याच्या प्रश्नावर वर्षाकाठी एक मोर्चा काढून निवेदन दिले की कर्तव्य संपले, असे मानणे सोडावे लागेल. मोर्चा संध्याकाळी संपतो. वाद त्यानंतर वीस वर्षे चालतो, आणि त्या वीस वर्षांत शेतकऱ्याच्या सोबतीला त्याची कापडी पिशवीच तेवढी असते.

त्या पिशवीतील कागद गावाच्या वहीत आले पाहिजेत. कोणत्या गटाची नोटीस कधी आली, कोणत्या कायद्याखाली आली, हरकतीची मुदत कधी संपते, मोजणी कोणत्या दिवशी, निवाडा कधी, पुढची तारीख कोणती, याची गाववार नोंदवही शाखेने ठेवावी. मोजणीच्या दिवशी विहीर, झाड, गोठा, पाइपलाइन यांची नोंद करून घेण्यास चार माणसे हजर असावीत. धनादेशाच्या टेबलाजवळ हरकतीचे शब्द सांगणारा कार्यकर्ता असावा. दावे एकत्र चालविण्यासाठी, मेक्सिकोच्या त्या अर्ध्या रेआलसारखा का होईना, गावाने वर्गणीतून निधी उभा करावा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक कामगार यांना विनामूल्य वकील मिळू शकतो; त्यासाठीचे अर्ज शाखेत भरून दिले जावेत. लोकअदालतीत जायचे तर सर्वांनी मिळून, एका दराने, एकेकट्याने नव्हे. बहिणींची नावे प्रथम लावावीत आणि त्याची सुरुवात कार्यकर्त्यांनी स्वतःच्या घरापासून करावी. भूमिहीनांची यादी ग्रामसभेत वाचली जावी आणि तिच्यावर ठराव व्हावा.

यांतील एकही काम टाळ्या मिळवून देणारे नाही. ते कारकुनी आहे, कंटाळवाणे आहे, आणि म्हणूनच ते आजवर राहून गेले. जी जागा चळवळीने मोकळी सोडली ती दलालांनी भरली. वाढीव मोबदल्यात टक्केवारी ठरवून कागद ताब्यात घेणारी माणसे प्रत्येक प्रकल्पाच्या आसपास असतात. त्यांना नोटिशीची तारीख ठाऊक असते, शाखेला नसते.

याच्या जोडीला मोठी मागणी कायद्याच्या रचनेविषयीची आहे. मोबदल्याचा निर्णय पूर्ण झाल्याशिवाय आणि रक्कम हाती पडल्याशिवाय मालकी जाऊ नये. दर अपुरा आहे हे शेतकऱ्याने सिद्ध करण्याऐवजी दर पुरेसा आहे हे घेणाऱ्याने सिद्ध करावे. जमीन ठरावीक मुदतीत वापरली गेली नाही तर ती का परत करू नये, याचे उत्तर महामंडळाने द्यावे. एका शेतकऱ्याच्या निकालात ठरलेला दर त्या अधिसूचनेतील सर्वांना आपोआप मिळावा. त्यासाठी तीन महिन्यांच्या मुदतीचा सापळा नसावा. या मागण्यांनी विकास अडत नाही. विकासाची किंमत कोण मोजतो, एवढेच त्यांनी उघड होते.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे वचन सत्तेने आणि भांडवलाने कधीच पाळलेले नाही. त्यांचे वकील रोज त्या पायऱ्या चढतात. ते वचन पाळले ते फक्त गरिबाने. त्याला पायरी चढावीच लागणार असेल तर त्याने ती एकट्याने चढू नये, आणि शक्य तेथे त्याने आपल्या बांधावर ठाम उभे राहून समोरच्याला ती चढावयास लावावी. शेंद्रा परिसरातील पुढच्या गावात नोटीस येईल त्या दिवशी पक्षाची शाखा कोठे असेल, यावर हे ठरणार आहे.